किडामुंगीच्या घरचं औषध

दांडिया बाजाराकडून येणारा पूल विश्वामित्री ओलांडून अकोट्यात उतरतो. पुलावर सौरपट्ट्यांचं छत, खाली पात्रात मगरी आणि पलीकडे स्टेडियम, सयाजीराव नगरगृह, सोसायट्या, नाश्त्याच्या लाऱ्या. बडोद्यात कुणालाही अकोटा विचारलं तर हाच पत्ता सांगतील. पण या गावाचं वय फार मोठं आहे. राष्ट्रकूट कर्काच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात वटपद्रक, म्हणजे आजचं बडोदा, हे गाव दान दिल्याची नोंद आहे आणि ते गाव अंकोट्टक चौऱ्यायशीतलं, म्हणजे चौऱ्यायशी गावांच्या गटातलं, म्हणून सांगितलं आहे. म्हणजे त्या काळी अंकोट्टक, आजचा अकोटा, हे मोठं ठाणं होतं आणि बडोदा त्याच्या हाताखालचं एक खेडं.

मी इथे आले ती कीटकांच्या मागावर. पारंपरिक औषधांत किडामुंगीचा उपयोग कसा होतो, याबद्दल मी बराच काळ वाचत होते. या विषयावर वाचायला घेतलं की आफ्रिका हटकून पुढे येते. कुठे वाळवीच्या वारुळाची माती गरोदर बायका खातात, कुठे नाकतोड्यांची पूड कपाळदुखीवर लावतात, कुठे जखम शिवायला मुंग्या वापरतात. वाचताना ते सगळं लांबचं आणि नवलाचं वाटतं. आपल्या दारात यातलं काय आहे, हे मला बघायचं होतं. आत्या अकोट्यात राहते. फाल्गुनात तिच्याकडे मुक्काम टाकला आणि तिथूनच हिंडायला सुरुवात केली.

पहिला मुक्काम सयाजीबागेतलं संग्रहालय. आत्याच्या पिढीचे बडोदेकर अजून त्या बागेला कमाटीबागच म्हणतात. १८९४ मध्ये उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात अकोट्याचे जैन ब्राँझ आहेत. १९५१ साली अकोट्यात जमिनीखालून धातुमूर्तींचा साठा निघाला. त्यावर उमाकांत प्रेमानंद शाह यांनी काम केलं आणि १९५९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. साधारण पाचव्या-सहाव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या या मूर्ती. त्यांतला मुकुट घातलेला जीवंतस्वामी, म्हणजे दीक्षा घेण्याआधीचा राजपुत्र महावीर, आणि कमरेत हलका डौल असलेली चामरधारिणी यांच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. धातूवर उमटलेल्या वस्त्राच्या चुण्या इतक्या मऊ आहेत की त्या छिन्नीच्या नाहीत, हे लगेच कळतं. त्या बोटांनी घडवल्या आहेत, कारण मूर्ती आधी मेणाची होती.

मेण राळेत कालवून मऊ करायचं, त्याची मूर्ती घडवायची, वर मातीचे थर चढवायचे, सावलीत वाळवायचं, तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. ही सगळी कृती कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त सविस्तर सांगितली आहे. मातीत जाळलेली टरफलं, बारीक कातरलेला कापूस आणि थोडं मीठ घालायचं. मेण आधी तोलून ठेवायचं आणि मूर्ती चांदीची हवी तर त्याच्या बारापट चांदी, सोन्याची हवी तर सोळापट सोनं घ्यायचं. अकोट्याचे कारागीर या ग्रंथाच्या कित्येक शतकं आधीचे. राजाने लिहून ठेवलं ते हातांना आधीच येत होतं. हा ग्रंथ छापून आला तोही बडोद्यातूनच. गायकवाड प्राच्यविद्या मालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी त्याचं संपादन केलं. पहिला खंड १९२५ चा.

आता हे मेण येतं कुठून? कामकरी मधमाशीच्या पोटाखाली ग्रंथी असतात. त्यांतून पातळ खवले पाझरतात, ते ती तोंडाने मळते आणि पोळ्याची भिंत उभारते. ते पाण्याला दाद देत नाही, सहसा कुजत नाही आणि कोमट हाताने वळतं. मूर्तिकाराने हेच गुण हेरले आणि वैद्यानेही हेच हेरले. चरकाने वातरक्तावर सांगितलेल्या पिंडतैलात मंजिष्ठा, अनंतमूळ आणि राळ यांच्याबरोबर मेण आहे. आपल्याकडे टाचांच्या भेगांना लावायचं राळेचं मलम घट्ट होतं ते मेणानेच. फाटलेल्या कातडीवर माशीच्या घराची भिंत पुन्हा उभी करायची, एवढंच ते मलम करतं.

संग्रहालयाच्या याच इमारतीत इजिप्तची एक ममी ठेवलेली आहे. अकोट्याच्या मूर्ती पाहून मी तिच्यापाशी आले आणि आफ्रिका एकदम हाकेच्या अंतरावर आली. इजिप्तचे लोक प्रेतं टिकवताना राळेबरोबर मधमाशीचं मेणही वापरत. त्यांच्या वैद्यांचे पपायरसवर लिहिलेले ग्रंथ आज आपल्याला वाचता येतात. एडविन स्मिथ पपायरस नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात जखमेवर चरबी, मध आणि धाग्यांची पट्टी बांधायला सांगितलं आहे, तर इ. स. पूर्व १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमध्ये मध पुनःपुन्हा येतो. सुश्रुतानेही जखमेवर मध आणि तूप सांगितलं, आणि माशी कोणती यावरून मधाचे आठ प्रकार केले: पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. इथिओपियात नांगी नसलेल्या, जमिनीत घर करणाऱ्या माश्यांचा ‘तझ्मा’ नावाचा मध औषध म्हणून वेगळा जपतात. नाईल आणि गंगा यांच्या काठच्या वैद्यांनी ज्याला हात घातला, त्याचं कारण आज प्रयोगशाळेत कळलं आहे. मधात पाणी इतकं कमी असतं की जंतूच्या अंगातलंच पाणी तो ओढून घेतो. तो आंबट असतो. आणि माशीने त्यात मिसळलेल्या एका विकरामुळे, मध पातळ झाला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. माशीला तो वर्षभर नासू द्यायचा नसतो. तिच्या कोठाराची राखण माणसाच्या जखमेवर कामी येते.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात मांडवीजवळच्या एका वनौषधींच्या दुकानात गेले. पितळी तराजू, गोणपाटाची पोती, भिंतभर डबे आणि सुंठ-वेखंडाचा मिसळलेला वास. दुकानदार काकांना म्हटलं, “काका, किड्यांपासून होतं असं जे जे असेल ते दाखवा.” त्यांनी जराही आश्चर्य दाखवलं नाही. एकेक डबा खाली येत गेला. लाखेच्या काड्या. मेणाची पिवळी ढेप. युनानी हकिमांच्या खमिऱ्यात पडणारे रेशमाचे कोसले, ज्यांना ते अबरेशम म्हणतात. वाकड्या शिंगासारखी पोकळ काकडशिंगी. आणि मग मायफळ.

मायफळ मी हातात घेऊन बघत राहिले. सुपारीहून लहान, करड्या हिरव्या रंगाचं, अंगभर बारीक टेंगळं. नाव फळाचं असलं तरी हे फळ नाही. पश्चिम आशियातल्या एका ओक झाडाच्या कोवळ्या फांदीत इवलीशी गांधीलमाशी अंडं घालते. झाड त्याभोवती गाठ वाढवतं, अळी त्या गाठीत सुरक्षित बसते आणि आतलाच गर खाते. मोठी झाली की एक गोल भोक पाडून उडून जाते. काकांनी दोन मायफळं शेजारी ठेवली: एक भोकाचं, एक बिनभोकाचं. “बिनभोकाचं घ्यावं बेन, यात कस जास्त,” ते म्हणाले. माशी बाहेर पडण्याआधी तोडलेलं मायफळ जड आणि तुरट असतं, कारण टॅनिन त्यात भरून असतं. मायफळाचं निम्म्याहून अधिक वजन टॅनिनचंच असू शकतं. तुरट रस सुजलेल्या, पाझरणाऱ्या त्वचेला आवळून धरतो. हिरड्या, घसा आणि जुलाब यांवर मायफळ चालतं ते याच जोरावर. काकडशिंगीही तशीच: हिमालयाच्या पायथ्याच्या एका झाडावर मावा कीड बसते, झाडाची पानं फुगून शिंगं होतात आणि मावा आत राहतो.

आता मराठी घरातली बाळगुटी आठवावी. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, खारीक, बदाम यांच्या रांगेत मायफळ आणि काकडशिंगी असतातच. आत्याच्या घरी अजून ती डबी आहे. सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात मायफळाचा एक वेढा, वेखंडाचा त्याहून कमी, हे हिशेब तिला तोंडपाठ. बालचातुर्भद्र चूर्णातही काकडशिंगी आहे. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांनी चालायला लागायच्या आधीच एका गांधीलमाशीचं आणि एका माव्याचं घर चाटलेलं आहे. आफ्रिकेतल्या बाईने वारुळाची माती खाल्ली याचं नवल करण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरत नाही. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका हेही बजावून सांगतात, कारण मधात कधीकधी असणारे बोटुलिझमचे बीजाणू त्या वयात जिवावर बेतू शकतात. आत्यालाही मी हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग नातसुनेला नाही आग्रह करणार. पण डबी टाकणार नाही.” मला ते पटलं.

दुकानातला शेवटचा डबा बीरबहुटीचा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेतात दिसणारा तो लाल मखमली मृगाचा किडा. पाय मोजले तर आठ, म्हणजे तो कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला. वाळवून डब्यात भरलेले ते किडे विटक्या लाल मण्यांसारखे दिसत होते. तेलात उकळून लकव्यावर आणि शक्तीसाठी त्यांचा वापर होतो. इथे माझं मन अडखळलं. मायफळात, मेणात, मधात जीवाने केलेली वस्तू घेतली आहे आणि ती काय काम करते ते सांगता येतं. इथे अख्खा जीव पोत्याने गोळा केला आहे. त्यामागे त्याच्या रक्तासारख्या रंगावरून बांधलेलं अनुमान असावं, असं मला वाटतं. पावसाआधी जमिनीत राहणारा, वर्षातून थोडेच दिवस वर येणारा हा जीव नेमका तेव्हाच वेचला जातो. त्याची किंमत माती मोजते.

संध्याकाळी आत्याच्या शेजारच्या मासी आल्या. त्यांचं लहानपण युगांडातल्या जिंजा गावातलं. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्यात त्यांचं कुटुंब निघालं. मी कशासाठी हिंडते आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “दीकरी, मग तुला सियाफू माहीत पाहिजे.” सियाफू म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या फौजी मुंग्या. लाखोंनी निघतात, वाटेत जे येईल ते फस्त करतात. मासी सांगत होत्या: रांग घराकडे वळली की सगळे जण घर मोकळं करून बाहेर पडायचे. मुंग्या झुरळं, उंदीर, सरपटणारं सगळं संपवून जायच्या आणि मग माणसं घरात परतायची. त्यांच्या माळ्याने सांगितलेली गोष्ट त्यांना अजून आठवते. जंगलात कुणाला चीर पडली तर जखमेचे काठ जुळवून धरायचे, मोठ्या डोक्याची सियाफू पाठीमागून पकडायची आणि चावू द्यायची. जबडे दोन्ही काठांत रुतले की धड पिरगळून तोडायचं. डोकं तसंच राहतं, आणि ते टाक्याचं काम करतं. पूर्व आफ्रिकेतली ही पद्धत प्रवाशांनी आणि अभ्यासकांनीही नोंदवली आहे.

मासी बोलत होत्या आणि माझ्या मनात सुश्रुतसंहितेचं चिकित्सास्थान उघडलं होतं. उदररोगांच्या अध्यायात आतडं फुटलं असता काय करावं ते सांगितलं आहे. बेंबीखाली डाव्या बाजूला छेद घ्यायचा, आतडं बाहेर काढायचं, आत घुसलेलं शल्य काढून टाकायचं, छिद्राचे काठ जुळवायचे आणि मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्यायचं. चावल्यावर त्यांची धडं काढायची, डोकी ठेवायची आणि मग पोट शिवायचं. इथली बारकाई लक्षात घ्यावी. पोटाच्या कातडीला सुश्रुताने दोराच सांगितला, कारण बाहेरचा टाका नंतर काढता येतो. आतड्यातला टाका काढायला पुन्हा पोट उघडावं लागेल. म्हणून तिथे आपोआप विरून जाईल असं काहीतरी हवं. आजचे शल्यविशारद आतड्यासाठी विरघळणारा दोरा वापरतात, तो याच विचाराने. जिंजाचा माळी आणि सुश्रुत यांची गाठ कधी पडली असेल असं वाटत नाही. दोघांनी मुंगीचा चावा बघितला, तो सुटत नाही हे बघितलं आणि आपलं दुखणं तिच्या जबड्यात दिलं.

फिरण्याचा शेवटचा टप्पा संखेडा. अकोट्यातून निघून डभोईमार्गे ओरसंग नदीच्या काठी जायचं. डभोई हे गायकवाडांच्या जुन्या छोट्या रेल्वेचं गाव. १८६२ मध्ये इथली गाडी बैलांनी ओढली होती. रस्त्याकडेला पळस पेटलेले होते. संखेड्यात खरादी सुतारांची घरं आहेत आणि त्यांचे पाळणे, झोपाळे, चौरंग गुजराती-मराठी लग्नांतून सगळीकडे गेलेले आहेत. कारागीर दादांनी खरादावर सागाचा पाया चढवला, तो गरगर फिरू लागला, आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली. घासून निर्माण झालेल्या उष्णतेने लाख वितळली आणि लाकडावर लालभडक पट्टा चढत गेला. मग केवड्याचं पान दाबून धरलं आणि पट्टा आरशासारखा झाला. नक्षी कथलाच्या पांढऱ्या रंगाने काढतात, अकीकाने घोटतात, वर लाखेचा हात दिला की तीच नक्षी सोनेरी दिसते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतही याच लाखेचं काम आहे.

दादांनी एक न कुटलेली काडी माझ्या हातात दिली. पळसाच्या फांदीभोवती खडबडीत तपकिरी साल चढल्यासारखं. नखाने खरवडलं तर आत लहान लहान कोठड्या, एकमेकींना चिकटलेल्या. लाखेच्या किड्याची मादी सोंड फांदीत रुतवते, रस पिते आणि अंगातून राळ पाझरवत स्वतःभोवती घर बांधते. एकदा बसली की ती उठत नाही. पायही झडून जातात. तिची अंडी, तिची पिल्लं, सगळं त्या कवचाखाली. बाहेर ऊन, पाऊस, मुंग्या; आत ती.

या कवचाची ओळख आपल्याला फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाखेला उद्देशून एक सूक्त आहे. काठीने, बाणाने, जाळाने झालेल्या जखमा तिने भराव्यात अशी मागणी त्यात आहे आणि ती ज्या झाडांवर येते त्या झाडांची नावं आहेत: वड, पिंपळ, खैर, धावडा, पळस. मोडलेल्या हाडावर आजही वैद्य लाक्षादि गुग्गुळ देतात; त्यात लाखेबरोबर हाडजोड, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ असतो. जुन्या तापाने रोड झालेल्या मुलाला लाक्षादि तेल चोळतात. आणि ज्यांचा या कशावर विश्वास नाही, त्यांच्या गोळीवरचा गुळगुळीत थरही बऱ्याचदा लाखेचाच असतो. जठरातल्या आम्लात लाख सहसा विरघळत नाही, पुढे आतड्यात विरघळते; म्हणून औषध हव्या त्या जागी पोचतं. संखेड्याच्या झोपाळ्यावर ती लाकडाला जपते, गोळीवर ती औषधाला जपते, फांदीवर ती एका मादीला जपत होती.

परतीच्या वाटेवर माझ्या मनात हे सगळं एका ओळीत बसलं. मेण ही माशीच्या घराची भिंत, मध तिचं कोठार, मायफळ गांधीलमाशीच्या अळीची खोली, लाख मादीचं कवच, मुंगीचा जबडा तिच्या वारुळाचं रक्षण. या जीवांनी स्वतःला वाचवायला जे केलं, ते नीट बघून माणसाने स्वतःसाठी मागून घेतलं. जिथे अशी नजर होती, तिथलं औषध बहुधा कसोटीला उतरतं. जिथे फक्त रंगरूप पाहिलं, तिथे शंका घ्यावी. आणि काही ठिकाणी भीतीही धरावी. हकिमांची तेलनी माशी घ्या. तिच्या अंगातलं कँथरिडीन कातडीला फोड आणतं. अमेरिकेत २०२३ मध्ये त्वचेच्या एका संसर्गावर लावायचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली, पण ते पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कलाहारी वाळवंटातले सान शिकारी एका भुंग्याच्या अळ्यांचं विष बाणाला लावतात. किड्याने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली वस्तू कुणाला मलम होते, कुणाला मरण. ती कोणत्या मात्रेत काय करते, हे तपासणाऱ्याच्या हातातच ती असावी.

बडोद्याला हे काम पुढे नेण्याजोगं सगळं आहे. प्राच्यविद्या मंदिरात पोथ्या आहेत, विद्यापीठात प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र आहे, संग्रहालयात अकोट्याच्या मूर्ती आहेत, संखेड्यात लाखेवर हात बसलेली माणसं आहेत, आणि अकोट्यासारख्या वस्तीत आफ्रिका पाहून आलेल्या मासी अजून बोलायला बसलेल्या आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्यायला हवं, आणि लिहून घेतलेलं तपासून बघायला हवं. त्याहूनही आधी झाड राखायला हवं. पळस तोडला की लाख जाते, खैर-कुसुमाचं रान गेलं की आग्या माशीचं पोळं जातं, फवारणी वाढली की मृगाचा किडाही दिसेनासा होतो. औषधाचं सूत्र पोथीत टिकेल. औषध करणारा जीव रानातच टिकतो, आणि रान आपल्या हातात आहे.